गल्ल्यावरची माणसे

‘रोखपाल’ हा शब्द शासनाच्या परिभाषेने आपल्याला दिला. तो पाटीवर दिसतो, नेमणुकीच्या पत्रात दिसतो. बोलण्यात मात्र त्याला कोणी शिवत नाही. बोलण्यात ‘कॅशियर’ असतो, ‘गल्ल्यावरचा’ असतो, ‘काउंटरवरची बाई’ असते. यांपैकी ‘गल्ला’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळचा अर्थ धान्य, शेताचे उत्पन्न. पुढे दिवसभराच्या विक्रीचा पैसा आणि तो ठेवायची पेटी या दोहोंना तेच नाव चिकटले. ‘कॅश’ या शब्दाची कुळकथाही अशीच आहे. लॅटिनमध्ये ‘काप्सा’ म्हणजे पेटी. तिच्यापासून इटालियन लोकांची ‘कास्सा’ झाली, पोर्तुगीजांची ‘काइशा’ झाली, आणि इंग्रजीने तर पेटीचे नाव पेटीतल्या पैशालाच देऊन टाकले. पेटीशेजारी बसणारा माणूस तेवढा दोन्ही भाषांत पेटीच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

व्यापाऱ्यांचे इतिहास लिहिले गेले आहेत. सावकारांचे आणि बँका स्थापन करणाऱ्यांचेही लिहिले गेले आहेत. दिवसभर दुसऱ्याचा पैसा मोजून संध्याकाळी चावी सुपूर्त करणाऱ्या आणि लोकल पकडून घरी जाणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र सलग असा कोठे सापडत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी वेचावा लागतो. आम्ही येथे असेच काही तुकडे वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते वेचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. काळ कोणताही असो, देश कोणताही असो, या माणसाला नोकरी देणाऱ्यापुढे एकच कोडे उभे राहिले आहे: ज्याच्या हाती पेटी द्यायची, त्याच्यावर भरवसा ठेवायचा तो कसा?

आपल्या महाराष्ट्रापासूनच आरंभ करू. मराठेशाहीच्या कारभारात जे दरकदार असत, त्यांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार यांच्याबरोबर आठवा पोतनीस असे. रोकडीचा हिशेब त्याच्याकडे. ‘पोत’ हा शब्द फारसी ‘फोता’पासून आला, त्याचा अर्थ थैली, सरकारी वसुलाची थैली. पोतनीस लिहिणारा आणि पोतदार नाणी पारखणारा. या दोन्ही कामांची आता आडनावे झाली आहेत आणि ती लावणाऱ्यांपैकी अनेकांना आपले पूर्वज काय करीत होते याचा पत्ताही नसतो.

पोतदाराचे काम आजच्या कॅशियरपेक्षा फार अवघड होते. त्या काळी बाजारात एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. चांदवडी रुपया वेगळा, अंकुशी वेगळा, हाळी सिक्का वेगळा. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा, झीज वेगळी. पोतदार नाणे बोटावर तोलून पाही, दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके, आणि कमअस्सल नाण्यावर किती बट्टा घ्यायचा ते ठरवी. आपण आजही एखाद्याचे नाणे खणखणीत आहे असे म्हणतो, एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे म्हणतो. या दोन्ही वाक्प्रचारांत त्या पोतदाराचा कान आणि डोळा अजून जागा आहे. गंमत अशी की, बट्टा लागण्याची भीती नाण्यापेक्षा नाणे मोजणाऱ्यालाच अधिक असते. १८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवून दिला. पारख करणाऱ्या पोतदाराचे महत्त्व तेव्हापासून ओसरले. उरले ते मोजणे.

येथे थोडे आडवळण घेऊन दूरच्या एका पेढीवर जाऊ. तिचा चालक पुढे पोप झाला, म्हणून हे आडवळण आमच्या वाचकांना खटकणार नाही. पैशाची थैली सांभाळणारा म्हटले की आपल्याला प्रथम यहुदा इस्कार्योत आठवतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो थैलीतले पैसे लांबवीत असे असे स्पष्ट म्हटलेले आहे. जकातीच्या चौकीवरून उठून आलेला मत्तय त्याच बारा जणांत होता, आणि बँकेतल्या माणसांचा आश्रयदाता संत म्हणून ख्रिस्तसभेने त्याला मान दिला आहे. तरीही लोकांच्या जिभेवर यहुदाच बसला आहे. तिसरे नाव सहसा कोणी घेत नाही. ते संत कॅलिक्स्तस यांचे.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये कार्पोफोरस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाकडे कॅलिक्स्तस हा गुलाम होता. धन्याने भांडवल देऊन त्याला पेढी घालून दिली. शहराच्या ‘पिस्किना पुब्लिका’ या भागात ती पेढी होती. धन्याच्या नावावर भरवसा ठेवून विधवांनी आणि इतर श्रद्धावंतांनी तेथे ठेवी ठेवल्या. पेढी बुडाली. कॅलिक्स्तस पळाला, बंदरावर गलबतात चढला, धनी पाठलागावर आलेला पाहून त्याने समुद्रात उडी टाकली. खलाशांनी त्याला बाहेर काढले. शिक्षा म्हणून त्याला जात्याला जुंपण्यात आले. ठेवीदारांनीच रदबदली करून त्याला सोडवले, कारण तो मोकळा असेल तरच पैसे परत मिळण्याची आशा होती. येणे वसूल करण्याच्या खटपटीत तो सभास्थानात गेला, तेथे दंगल झाली, आणि नगराधिकाऱ्याने फटके मारून त्याची रवानगी सार्डिनियाच्या खाणींत केली. पुढे सम्राट कॉमोडसच्या मर्जीतील मार्सिया या स्त्रीच्या प्रयत्नाने तेथील ख्रिस्ती बंद्यांची सुटका झाली. पोप झेफिरिनस यांनी कॅलिक्स्तसकडे आप्पियन मार्गावरील दफनभूमीची व्यवस्था सोपवली. ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. सुमारे २१७ साली तो स्वतः पोप झाला.

ही सगळी हकीकत आपल्याला कोणी सांगितली? त्याच्या वैऱ्याने. हिप्पोलितस हा त्याचा प्रतिस्पर्धी, विद्वान पण कडवट. त्याचा ग्रंथ शतकानुशतके हरवला होता. १८४२ साली अथोस पर्वतावरच्या मठात त्याचे हस्तलिखित सापडले आणि १८५१ साली ते छापले गेले. त्यात कॅलिक्स्तसने पैसे खाल्ले असा थेट आरोप आहे. पेढी अफरातफरीने बुडाली की धंद्यातल्या खोटीने, हे सांगणारा दुसरा साक्षीदार कोणी नाही. कॅलिक्स्तसची बाजू त्याच्या स्वतःच्या शब्दांत कोठेही उरलेली नाही. हिप्पोलितसचा त्याच्यावरचा मोठा राग वेगळ्याच कारणाने होता. घोर पाप करून पश्चात्ताप पावलेल्यांना कॅलिक्स्तस ख्रिस्तसभेत परत घेत असे, आणि त्या कर्मठ माणसाला ते सहन होत नव्हते. जात्याला जुंपला गेलेला आणि खाण पाहून आलेला माणूस अशा बाबतीत सैल हात ठेवतो, याचे आम्हांस तरी नवल वाटत नाही. त्याचा सण १४ ऑक्टोबरला येतो.

असो. मुंबईकडे वळू. १८४० साली बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशाने मुंबई वेडी झाली, १८६५ साली तो फुगा फुटला, आणि १८६८ साली ती बँक मोडून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. ती १९२१ साली इंपीरियल बँकेत आणि इंपीरियल बँक १९५५ साली स्टेट बँकेत विलीन झाली. या इलाखा बँकांतले साहेब लोक हिशेब पाहत, कर्जे मंजूर करीत. पण रोकडीला ते हात लावीत नसत. त्यासाठी देशी खजांची असे. तो बँकेकडे मोठी तारण रक्कम ठेवी, आपल्या हाताखालचे मोजणारे, पारखणारे स्वतः निवडी आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही हातून तूट आली तर ती भरून देई. भरवशाचे कोडे बँकेने असे सोडवले होते: साहेबाने खजांचीला बांधून घेतले, खजांचीने आपल्या नात्यागोत्यातली माणसे आणून त्यांना बांधून घेतले. त्यामुळे चोरी करणारा बँकेला नव्हे, आपल्या मामाला बुडवीत असे. पद्धत परिणामकारक होती हे मान्य करावे लागते. पण ज्याला मामा नाही त्याला त्या दाराने आत जाता येत नसे, हेही तितकेच खरे.

१८६१च्या कायद्याने कागदी नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. लोकांचा टपालावर विश्वास नव्हता, म्हणून नोट मधोमध फाडून अर्धी आधी पाठवायची, पोहोच आली की उरलेली अर्धी पाठवायची, अशी रीत पडली. दोन अर्धुके जुळवून, क्रमांक ताडून पैसे देणे हे तेव्हाच्या खजिन्यातल्या माणसाचे नित्याचे काम होते.

आमच्या वसईत १९१८ साली पापडी येथे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक सुरू झाली. सहकारी पतपेढ्यांमुळे जो मोठा बदल घडला त्याची नोंद सहसा कर्जाच्या आणि ठेवींच्या आकड्यांत होते. आम्हांस त्यातला दुसरा बदल महत्त्वाचा वाटतो. काउंटरच्या पलीकडे ओळखीचा माणूस बसू लागला. बागायतदाराच्या, मच्छीमाराच्या घरातला शिकलेला मुलगा आणि पुढे मुलगी त्या जाळीमागे बसली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा वाढल्या आणि जाळीमागची माणसेही वाढली. त्या काळच्या बँकेत ज्यांनी पैसे काढले आहेत त्यांना तो क्रम आठवत असेल. चेक द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, बाकावर बसायचे. चेक खातेवहीवर जायचा, तेथून साहेबाच्या टेबलावर, तेथून कॅशियरकडे. मग जाळीतून बिल्ल्याचा क्रमांक पुकारला जायचा. आत एका वाटीत ओला स्पंज, शेजारी दाभण. नोटांच्या गड्ड्या जाड टाचण्यांनी टोचलेल्या असत आणि त्या उपसताना बोटे सोलून निघत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने गड्ड्या टोचण्यास मनाई करून कागदी पट्ट्या लावण्याचा आदेश दिला. नोटा स्वच्छ राहाव्यात हा त्यामागचा हेतू. बोटे वाचली हा वरकड फायदा.

आता एका यंत्राची हकीकत. ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुढे सरकत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे गाव आहे. तेथे जेम्स रिटी या गृहस्थाचे दारूचे दुकान होते. गिऱ्हाईक भरपूर, नफा मात्र नाही, कारण नोकर पैसे गल्ल्यात टाकण्याऐवजी खिशात टाकीत. या काळजीने प्रकृती बिघडली म्हणून १८७८ साली रिटी युरोपच्या सफरीला निघाला. आगबोटीच्या यंत्रघरात त्याला मळसूत्री पंख्याचे फेरे मोजणारे एक यंत्र दिसले. पंख्याचे फेरे मोजता येतात, तर गल्ल्यातले व्यवहार का मोजता येऊ नयेत? परत येऊन त्याने आपल्या यंत्रज्ञ भावाच्या मदतीने खटपट केली आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्यांना एकस्व मिळाले. या यंत्राला त्यांनी दिलेले नाव मराठीत आणायचे तर ‘अभ्रष्ट रोखपाल’ असे होईल. नावातच सर्व काही आले. यंत्र अभ्रष्ट, म्हणजे माणूस भ्रष्ट.

पहिल्या यंत्राला पेटीच नव्हती. घड्याळासारखी एक तबकडी होती आणि तिच्यावरचे काटे विक्रीची रक्कम गिऱ्हाइकाला व मालकाला दाखवीत. पेटी, कागदाची गुंडाळी आणि घंटा या गोष्टी पुढच्या सुधारणांत आल्या. घंटेचा उपयोग वाचकांनी समजून घ्यावा. पेटी उघडली की घंटा वाजते, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसलेल्या मालकाला कळते की आत्ता पेटी उघडली. रिटीला या धंद्यातून काही मिळाले नाही; त्याने तो विकून टाकला. जॉन पॅटर्सन हा कोळशाचा व्यापारी होता. त्याच्या खाणीवरचे दुकान असेच तोट्यात चालले होते आणि हे यंत्र बसवल्यावर ते सावरले होते. १८८४ साली त्याने ती कंपनीच विकत घेतली आणि तिला नॅशनल कॅश रजिस्टर असे नाव दिले. पॅटर्सनने प्रशिक्षित विक्रेत्यांची फौज उभी करून जगभर दुकानदारांना एकच गोष्ट पटवून दिली: तुमचा नोकर तुम्हांला लुटतो आहे, आणि तुम्हांला ते ठाऊक नाही. याच पॅटर्सनला १९१३ साली प्रतिस्पर्ध्यांना बेकायदा मार्गांनी संपवल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. नोकराच्या पाच सेंटांवर घंटा बांधणाऱ्या मालकाच्या स्वतःच्या गल्ल्यावर घंटा नव्हती. त्याच वर्षी डेटनला महापूर आला, पॅटर्सनने कारखान्यात होड्या बांधून हजारो लोकांना वाचवले आणि तो वीर ठरला. वरच्या न्यायालयात ती शिक्षा टिकली नाही. माणसाचा हिशेब तबकडीवर मांडता येत नाही, हे या एका वर्षात दिसून येते.

आपल्याकडे हे यंत्र फारसे रुजले नाही. कारण साधे आहे. आपल्या बाजारात गल्ल्यावर धनी स्वतः बसतो. तो नसेल तर भाऊ, मुलगा, वहिनी. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांत मालक दाराजवळच्या उंच काउंटरवर बसे आणि गिऱ्हाईक उठून निघाले की वेटर आतून बिलाचा आकडा ओरडून सांगे. ती आमची घंटा. तिच्यात वेटरवर पाळत होती, हे नाकारता येत नाही. पण निदान ती घंटा स्वतः वेटरच वाजवीत होता.

तिकडे दुकानाची रचनाच बदलत होती. १९१६ साली मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिग्ली विग्ली’ हे दुकान उघडले. तोवर गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि काउंटरमागच्या माणसाने माल काढून, तोलून, बांधून द्यायचा, अशी रीत होती. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि बाहेर पडायची वाट एकच ठेवली; त्या वाटेवर पैसे घेणारा बसवला. दुकानातल्या नोकराची अनेक कामे होती, त्यांतले एकच उरले. आज मॉलमध्ये आपण ज्या रांगेत उभे राहतो तिचा जन्म त्या दुकानात झाला. एकच हालचाल दिवसभर, आठ तास, आणि तीही बहुधा उभ्याने.

उभे राहण्याचा प्रश्न लहान वाटतो. ज्यांना तो सोसावा लागला त्यांच्या पायांवरच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या म्हणजे तो लहान वाटत नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली दुकानांतील स्त्री-नोकरांसाठी बैठकीचा कायदा झाला; दर तीन स्त्रियांमागे एक तरी आसन ठेवावे, असे त्यात म्हटले होते. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक त्यापूर्वी आठ वर्षे, १८९१ साली आले होते. आपल्या देशात ही गोष्ट घडायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. केरळात कोळिकोडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांतील स्त्रियांना दिवसभर बसू देत नसत. लघवीला जायची सोय नाही म्हणून त्या पाणी पीत नसत. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने त्यांना ‘पेणकूट्टु’ या संघटनेत एकत्र आणले. २०१८ साली केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील कामगाराला बसण्याचा हक्क दिला. २०२१ साली तमिळनाडूने तेच केले. उभा नोकर म्हणजे तत्पर नोकर, अशी मालकांची समजूत असते. जर्मनीतल्या मोठमोठ्या दुकानांत कॅशियर बसूनच काम करतात आणि त्या कामाच्या वेगासाठी नावाजलेल्या आहेत, तेव्हा या समजुतीला आधार नाही.

बसण्याचा प्रश्न कायद्याने सुटतो. भरवशाचा प्रश्न कायद्यालाही अवघड जातो. त्याची दोन उदाहरणे देतो. वाचकांनी ती शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले दिल्लीचे. एसटीचा किंवा शहरी बसचा कंडक्टर म्हणजे चालताफिरता कॅशियरच; चामडी पिशवी हाच त्याचा गल्ला. १९७३ साली दिल्लीच्या सरकारी बससेवेतील एका कंडक्टरवर असा आरोप झाला की, त्याने एका बाईकडून १५ पैसे घेतले आणि १० पैशांचे तिकीट दिले. म्हणजे महामंडळाचे ५ पैशांचे नुकसान. १९७६ साली त्याला बडतर्फ करण्यात आले. १९९० साली कामगार न्यायालयाने बडतर्फी बेकायदा ठरवली. महामंडळ उच्च न्यायालयात गेले. त्याचा निकाल २०१६च्या जानेवारीत लागला, तोही कंडक्टरच्या बाजूने. तोवर त्याचे नोकरीचे वय उलटून गेले होते आणि ५ पैशांचे नाणे बाजारातून नाहीसे झाले होते. ५ पैशांसाठी महामंडळाने वकिलांवर किती खर्च केला असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दुसरे बर्लिनचे. तेथील एका सुपरमार्केटमध्ये १९७७पासून काम करणारी एक कॅशियर होती. वृत्तपत्रांनी तिला ‘एमेली’ हे नाव दिले. २००८ साली तिला काढून टाकण्यात आले. दोष असा की, कोणी गिऱ्हाइकाने विसरलेल्या, रिकाम्या बाटल्यांच्या परताव्याच्या दोन पावत्या तिने स्वतःच्या खरेदीत वापरल्या. एक पावती ४८ सेंटची, दुसरी ८२ सेंटची. मिळून १ युरो ३० सेंट. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मालकाची बाजू उचलून धरली. रक्कम लहान असली तरी विश्वास गेला, असे त्यांचे म्हणणे. सारा देश या खटल्यावर वाद घालू लागला. १० जून २०१० रोजी जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने तिला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. न्यायाधीशांनी तिला निर्दोष म्हटले नाही. तिचे वागणे चुकीचेच होते, असे त्यांनी नोंदवले. मात्र तीस वर्षांहून अधिक काळ निष्कलंक काम करून तिने विश्वासाचे भांडवल जमवले होते, आणि ते भांडवल एका चुकीने पूर्ण खर्ची पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

विश्वासाचे भांडवल! गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या नावे कोणी खाते उघडले आणि त्यात जमेची बाजूही असते हे मान्य केले, असे आमच्या वाचनात आलेले हे पहिलेच उदाहरण. डेटनच्या यंत्राला फक्त तूट कळत होती. दहा हजार वेळा पेटी उघडून दहा हजार वेळा बरोबर मिटली, याची नोंद त्याच्या कागदी गुंडाळीवर होई खरी, पण ती वाचायला कोणी येत नसे.

देखरेख नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यात प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती सक्तीची आहे, आणि रविवारचे दान एकट्याने मोजू नये असा नेम आम्हीही पाळतो. दोघे मोजतात, दोघे सही करतात. त्याने मोजणाऱ्याचा अपमान होत नाही. उद्या कुजबुज झाली तर तोच त्याचा बचाव असतो. प्रश्न हा की, देखरेख मोजणाऱ्याच्या शेजारी बसून होते की त्याच्या पाठीमागून.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या हिशेबाने त्या चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. १० तारखेला बँका उघडल्या तेव्हा रांगा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. एका माणसाला प्रथम ४,००० रुपयांच्या नोटा बदलून मिळत, मग ती मर्यादा वाढली, मग उतरली. बोटाला शाई लावण्याचा हुकूमही मध्येच आला. त्या दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते बहुतेक रांगेतल्या माणसांविषयी. आमच्या धर्मग्रामातील एक बाई तेव्हा एका बँकेत कॅशियर होत्या. दुपारचे जेवण नाही, रात्री दहापर्यंत मोजणी, असे कित्येक दिवस चालले. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांच्या पेटीत साडेसात हजारांची तूट आली. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. बँकेच्या रिवाजाप्रमाणे ती रक्कम त्यांनी आपल्या पगारातून भरली. दुसऱ्या दिवशी त्या सकाळी साडेनऊला पुन्हा काउंटरवर होत्या. “फादर, पैशाचं काही वाटलं नाही,” त्या आम्हांस म्हणाल्या, “मोजताना साहेब माझ्या हातांकडे बघत होते, त्याचं वाटलं.”

यंत्रे पुढे सरकली आहेत. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचे एक पाकीट काचेवरून सरकवण्यात आले आणि उभ्या रेघांच्या सांकेतिक पट्टीवरून पहिल्यांदा किंमत वाचली गेली. ते यंत्र पॅटर्सनच्याच कंपनीचे होते आणि ट्रॉय डेटनपासून फार दूर नाही. त्याआधी कॅशियरला शेकडो जिनसांच्या किमती तोंडपाठ असाव्या लागत. त्या दिवसापासून पाठांतराची गरज संपली आणि मिनिटाला किती जिनसा सरकवल्या याची मोजणी सुरू झाली. पुढे गिऱ्हाइकाने स्वतःच माल सरकवून पैसे भरायची यंत्रे आली. चोऱ्या वाढल्या, आणि एकेका कॅशियरला सहा-सहा यंत्रांवर नजर ठेवायला उभे करण्यात आले. ज्याच्यावर घंटा बांधली होती त्यालाच घंटा करून टाकले. २०२३ साली उत्तर इंग्लंडमधील बूथ्स या किराणा दुकानांच्या साखळीने आपल्या २८ पैकी २६ दुकानांतून ती यंत्रे काढून माणसे परत बसवण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आले. आता मासळीबाजारात टोपलीशेजारी एक लहानशी बोलकी पेटी ठेवलेली दिसते. गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पैसे धाडले की ती मोठ्याने रक्कम सांगते. कोळीण पापलेट कापता कापता कान देते आणि मान हलवते. रिटीची घंटा अशी दीडशे वर्षांनी पाण्यापलीकडून आली. फरक एवढाच की, येथे ती मालकिणीची स्वतःची आहे, नोकरावर बांधलेली नाही.

हॉलंडमध्ये यूम्बो नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. २०१९ साली तिने व्लाइमेन या गावी एक गल्ला वेगळा काढला. त्या रांगेत घाई करायची नाही, असा नियम. एकटे राहणारे म्हातारे लोक तेथे येतात, दूध-पाव ठेवतात आणि कॅशियरशी बोलत उभे राहतात. मागचा माणूस त्रासून पुढे रेटत नाही, कारण तोही त्याचसाठी आलेला असतो. डच भाषेत त्याला गप्पांचा गल्ला म्हणतात. २०२१ साली कंपनीने असे गल्ले दोनशे दुकानांत काढायचे ठरवले, आणि त्यांवर बसण्यासाठी कॅशियर आपणहून पुढे आल्या.